रेघेवर हळद लावू नका

जाळ्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं माझ्या बायकोच्या, पारबताच्या, पायाच्या अंगठ्यात. आमच्या घरी जाळं असंच शिवतात. एकानं ताणून धरायचं, दुसऱ्यानं फाटलं तिथं लाकडी सुईनं दोरा भरायचा. चैताचं ऊन अजून कोवळं होतं, म्हणून सुनेनं तिची खाट अंगणात काढून दिली होती. पारबताच्यानं तेव्हा बोलवत नव्हतं. मी एक फाटकी जागा सोडून पुढं गेलो, तर तिनं अंगठा हलवून जाळं झटकलं अन् बोटानं दाखवलं.

"दिसलं मले," मी म्हटलं. "आंधळा नाही झालो अजून."

तिनं पुन्हा झटकलं. अजून एक भोक होतं. ते मला खरंच दिसलं नव्हतं. ती अर्ध्या तोंडानं हसली. ऑपरेशननंतर तिचं हसू अर्धंच राहिलं होतं.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. "बुढी कशी हाये जी? पाला आणला एक. लय गुणाचा हाये म्हणते."

पारबतानं माझ्याकडं पाहिलं अन् डोळे असे वर फिरवले की मला हसू आवरेना. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं घरगुती काम ते शेवटचं. त्यानंतर ती अंगणात आली नाही, पुढच्याच महिन्यात गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. सारा जन्म मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकण्यात गेला, अन् पारबताचा मोहाडीच्या बाजारात मासोळी विकण्यात. तिला गालाचा कॅन्सर झाला होता. लिहायचा मला शौक नाही. पण ती गेल्यावरही लोक रस्त्यात अडवून विचारतात, कोणता पाला दिला होता, कोणती मुळी दिली होती. एकेकाला सांगून सांगून माझं डोकं फिरलं आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्याच्या घरी हे दुखणं आलं असेल त्यानं वाचावं. बाकीच्यांनी निदान पाला घेऊन येऊ नये.

तोंड माह्यं हाये

डाव्या गालाच्या आत तिला फोड आला होता. तंबाखू-चुन्याची गोळी ती त्याच बाजूला ठेवायची. धानाच्या रोवण्याच्या चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बाया ठेवतात तशी, बाजारात बसणाऱ्या बायाही ठेवतात. फोड बरा होईना. जांभळीच्या सालीच्या चुळा झाल्या, लवंगेचं तेल झालं, तुरटी झाली. ती म्हणायची, दाढ आहे. मीही म्हणायचो, दाढ आहे. मग एक दिवस भाताचा घास तोंडात जाईना, तेव्हा सुरेश, माझा मुलगा, तिला भंडाऱ्याला घेऊन गेला. मी सोबत होतो.

तिथला डॉक्टर म्हणाला, "आजी, तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा." पारबताला वाटलं पोरगा थट्टा करतो आहे. तिनं घालून पाहिली. एकच बोट गेलं. डॉक्टरचा चेहरा तेव्हाच बदलला. त्यानं गालाचा जरासा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरनं सुरेशला बाजूला घेतलं. दरवाजा अर्धा लावून दोघं कुजबुजत राहिले. पारबता बाकावरून उठली, दरवाजा ढकलला अन् आत जाऊन उभी राहिली.

"माह्या समोर बोला," ती म्हणाली. "तोंड माह्यं हाये, याचं नाही."

डॉक्टरनं मग नीट सांगितलं. कॅन्सर आहे, नागपूरला जावं लागंल, ऑपरेशन होईल, नंतर शेक द्यावा लागंल. शेक म्हणजे मशीनचा किरण. आमच्याकडं सारे त्याला शेकच म्हणतात. पारबतानं सारं ऐकलं अन् एकच विचारलं, "मासोळी खाता येईन का?"

"आधी बऱ्या व्हा," डॉक्टर म्हणाला.

हे काही उत्तर झालं नाही. बाहेर आल्यावर तिनं कमरेची तंबाखूची डबी काढली, दवाखान्याच्या नालीत टाकली अन् माझ्याकडं हात पुढं केला. माझीही डबी गेली. आम्ही एस.टी.त बसलो. मग ती म्हणाली, "सुनेले आत्ताच सांगू नका. धान कांडायचं पडलं हाये. रडत बसन."

जाळ्यातली मासोळी

होळीनंतर ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी लिहीत नाही. तिचा चेहरा पाहून मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसलो होतो, एवढं पुरे.

वैशाखात शेक सुरू झाला. नागपूरचं ऊन, दवाखान्याजवळची धर्मशाळा अन् रोजची रांग. सोमवार ते शुक्रवार शेक, शनिवार-रविवार सुट्टी. रांगेत बसलेल्या साऱ्यांच्या तोंडावर फडकं. कोणी कोणाला नाव विचारत नाही, विचारतात, "तुमचं गाल की जीभ?"

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाची एक पांढरी जाळी करतात. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, थंड झाली की टणक होते. रोज ती जाळी तोंडावर बसवून टेबलाला खिळवतात. पहिल्या दिवशी पारबता बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते.

"एवढी वर्षं मी मासोळी जाळ्यात पाहिली," ती म्हणाली. "आता मासोळीले काय वाटते, ते समजलं."

जाळी जिथं संपते तिथून खाली, गळ्यावर, शाईच्या रेघा काढल्या होत्या. किरण कुठपर्यंत द्यायचा त्याची ती हद्द. सिस्टरनं बजावून सांगितलं, "आजी, या रेघा पुसायच्या नाहीत. इथं साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, काही नाही. अंगावर पाणी घेताना गळा कोरडा ठेवा. रेघ गेली तर सगळं माप पुन्हा."

ही गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. आमच्या घरच्यांनी ठेवली नाही.

चिमूटभर

थोड्या दिवसांनी तिचं तोंड आतून सोलल्यासारखं झालं. पाणी गिळताना ती माझं मनगट धरायची, अन् मनगटावर तिची नखं उमटायची. भाताची पेज थंड करून फडक्यानं गाळून देत होतो, तीही अर्धी बाहेर यायची. डॉक्टरनं औषधाची चूळ दिली होती. पण पारबता म्हणाली, "घरची हळद चालन का विचारा. माह्या सांदवाडीतली हाये."

सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागची लहान परसबाग. तिथं ती दरवर्षी हळद लावायची. उकळून, वाळवून, कुटून ठेवायची.

मी डॉक्टरला विचारलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "चूळ भरायला चालेल, बाबा. हळदीनं, ज्येष्ठमधानं काहींना आराम पडतो. त्याच्यावर लोक अभ्यासही करून राहिले. पण दोन गोष्टी. हा आधार आहे, इलाज नाही. अन् पोटात काहीही घ्यायचं असेल, पाला, काढा, चूर्ण, तर आधी मला विचारायचं. काही झाडपाला आमच्या औषधाशी भांडतो."

मला हे पटलं. आमच्या कामातलंच आहे. मासोळी जाळ्यात सापडते, टोपलीत नाही. पण टोपलीही लागते, नाहीतर हातातली निसटते. शेक म्हणजे जाळं, हळद म्हणजे टोपली. लोक टोपली घेऊन तलावात उतरायला निघाले, त्याला मी काय करू?

पहिल्या दिवशी मी कोमट पाण्यात मीठ अन् चमचाभर हळद घातली. पारबतानं तोंडात घेतली अन् थुंकून मलाच मारायला धावली. सिस्टर म्हणाली, "बाबा, तुम्ही काय भाजी करून राहिले? चिमूटभर टाका. ती घोट घोट फिरवील अन् थुंकून टाकील. गिळायचं नाही." मग तिनं दोन बोटं जुळवून दाखवली, एवढी. त्या दिवसापासून ती चिमूट माझ्या बोटांत बसली. सकाळी, जेवणाआधी, शेकाआधी मीच करून द्यायचो. त्यानं कॅन्सर गेला असं मी म्हणत नाही. पण चूळ भरल्यावर घडीभर तिचं तोंड शांत व्हायचं अन् तेवढ्यात चार चमचे पेज पोटात जायची. त्या चार चमच्यांसाठी मी देवाला नाही, सिस्टरला हात जोडले.

गालात खर्रा, हातात पाला

शनिवारी आम्ही गावाला यायचो. आलो की माणसांची रांग लागायची. कोणी गुळवेल आणली, कोणी कोरफड, कोणी कुंडीत उगवलेला कोवळा गहू. कोणी एक रोपटं आणलं, म्हणे याच्या पानाचा काढा घेऊन कुठल्याशा गावचा माणूस उठून नांगर धरू लागला. गाव कोणतं विचारलं तर म्हणे, तिकडलं आहे. सुरेशच्या मोबाइलवर रोज नवा पाला यायचा. माझी सून मंदा भिडस्त पोरगी. कोणाला नाही म्हणायची नाही. आणलेलं झाड सांदवाडीत लावून मोकळी व्हायची. पारबताच्या हळदीला जागा राहिली नाही, एवढी गर्दी झाली.

आणि सांगतो, मला राग कशाचा यायचा. येणारा माणूस अंगणात यायचा, पिंपळाखाली पिचकारी मारायचा, तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवायचा अन् मग बोलायचा, "बुढीले काय झालं जी? खाण्यापिण्यात काही आलं असन." त्याच्या हातात पाला अन् गालात खर्रा. एकाला मी म्हटलं, "बापू, पाला तू खा अन् खर्रा इथं टाकून जा." तो रुसून गेला. पाला ठेवून गेला.

मंदा म्हणाली, "मामाजी, लोक मायेनं आणतात."

"मायेनं आणतात, मले माहीत हाये," मी म्हटलं. "म्हणूनच तं हाकलता येत नाही."

मांडव

पारबताची लहान बहीण गोदा आमच्याच गावात, मागच्या आळीत राहते. तिच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं. हळदीचा कार्यक्रम रविवारी. पारबता म्हणाली, जाईन. मी म्हटलं, दम लागंल. ती म्हणाली, मोठी मावशी मांडवात नसन तर पोरीच्या सासरचे काय म्हणतीन. गेली.

मी अन् गावातले दोघंतिघं मांडवावर जांभळीच्या डहाळ्या बांधत होतो. खाली बाया गाणी म्हणत होत्या. नवरीला हळद लागली, मग नेहमीप्रमाणं उरलेली हळद एकमेकींच्या गालाला, गळ्याला लागू लागली. पारबता कोपऱ्यात पाटावर बसली होती, पदर गळ्याभोवती घट्ट धरून. गोदा तिच्याजवळ बसली. गळ्याची कातडी काळी पडून सोलली होती, ती पाहून गोदा रडायला लागली. अन् रडता रडता वाटीतली हळद तेलात कालवून तिनं बहिणीच्या गळ्याला थापली. फासून फासून, हळू हळू, चांगली जाड.

मी शिडीवरून ओरडलो, "गोदाबाई! काय करून राहिल्या?"

"आग थंड होईन, भाऊजी," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं ना, डॉक्टरनंच हळद सांगितली म्हणून."

सांगितलं होतं. साऱ्या गावात मीच सांगितलं होतं, कारण मला त्याचा आनंद झाला होता. चुळीची हळद मी सांगितली, गावानं नुसती हळद ऐकली. अन् पारबताही काही बोलली नाही. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "थंड वाटलं जी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी हात लावला तिथं."



सोमवारी मशीनवाल्या माणसानं पदर बाजूला केला. गळा पिवळाधमक. रेघ एकही नाही. तेलानं शाई पार गेली होती, अन् कातडीवर बारीक फोड उठले होते.

"आजी, रेघा कुठं गेल्या?"

"लग्नात," पारबता म्हणाली.

त्यानं कपाळावर हात मारला. डॉक्टर रागावला, पण आवाज चढवला नाही. कातडी शांत होऊ द्या, मग पुन्हा माप घेऊ, असं म्हणाला. शेक काही दिवस बंद. आम्हाला घरी पाठवलं. जाताना तो म्हणाला, "मध्ये खंड पडणं चांगलं नाही. बोलावीन त्या दिवशी या. याच."

मुळीवाला

घरी बसलो अन् साऱ्यांना बोलायला वेळ सापडला. शेक बंद होता तर चार दिवसांत तिला जरा गिळता येऊ लागलं. मग काय, सारं गाव म्हणू लागलं, पाहा, शेक सोडला तर बरी होऊन राहिली. पारबताही म्हणू लागली. नागपूरहून फोन आला, परवा या. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

गोदानं एक मुळीवाला आणला. त्याचं नाव लिहीत नाही. अंगणात बसला, पिशवी सोडली, मुळ्या मांडल्या.

"शेक म्हणजे आग," तो म्हणाला. "आगीनं कोणी बरं होते का? माही मुळी पौर्णिमेपर्यंत घ्या, दुधात. पण शेक बंद पाहिजे. दोन्ही एकत्र चालत नाही."

"कायले चालत नाही?" मी विचारलं.

"नाही चालत. मुळीचा गुण जाते."

मी म्हटलं, उचला पिशवी. तेव्हा सुरेश उभा राहिला. तो कधी माझ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही.

"बा, तुमी ऐकूनच नाही घेत. मायचे हाल तुमाले दिसत नाही का? रोज न्यायचं अन् जाळून आणायचं. तुमी मायले जाळून राहिले, बा."

मंदा पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.  मलाही तेच वाटत होतं, रोज. त्या मशीनच्या खोलीचं जाड दार बंद व्हायचं तेव्हा मला वाटायचं, मी हिला कुठं आणून सोडलं? पण अर्ध्यात सोडलं तर पुढं काय, तेही मला दिसत होतं. रांगेत एक माणूस होता, तो अर्ध्यात सोडून गेला अन् परत आला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

खाटेवरून पारबतानं हात केला. मुळीवाल्याला. जवळ ये.

त्याला वाटलं, बुढी मानली. तो उठून तिच्या उशाशी जाऊन वाकला.

"तोंड उघड," ती म्हणाली. तिची जीभ जड होती, पण मला समजत होतं.

"काय म्हणते?"

"तोंड उघड म्हणते," मी सांगितलं.

त्यानं उघडलं. दात लाल, गालात खर्ऱ्याची गोळी. पारबतानं आपली तीन बोटं उभी केली अन् त्याच्या दातांशी नेली. दोनच्या पुढं जाईनात. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तिला जसं केलं होतं तसंच.

"तीन बोटं जात नाही तुह्या तोंडात," ती म्हणाली. "मले काय बरं करतं? तूच चाल माह्यासंगं नागपूरले."

गोदा हसली, मग तिनं तोंडावर पदर घेतला. मुळीवाला लालबुंद झाला. तो पुढं कुठं तपासायला गेला की नाही, मला माहीत नाही. मुळ्या मात्र एकही न विसरता परत घेऊन गेला.

पारबता भिंतीला धरून उठली अन् मंदाला म्हणाली, "माह्यं लुगडं काढून दे. जायचं हाये परवा." मग सुरेशकडं पाहिलं. "बाले असं बोलू नको. जाळून राहिला तं माह्याच मर्जीनं."

हिवाळा

शेक पुरा झाला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा रेघा काढल्या. या वेळी शनिवार-रविवारी आम्ही गावाला आलोच नाही. धर्मशाळेतच राहिलो. गोदा नागपूरला यायची, बहिणीचा हात धरून बसायची अन् गळ्याकडं पाहायची सुद्धा नाही. शेवटच्या दिवशी मशीनवाल्यानं पारबताला तिची जाळी दिली, घरी न्यायला. ती म्हणाली, "कोंबड्याचं खुराडं झाकायले होईन." खरंच झालं.

पावसाळा अशक्तपणात गेला. मग दिवाळीनंतर तिला चव येऊ लागली. आधी मीठ समजलं, मग गोड. पोषात एक दिवस मी मरळ आणली. तिनं स्वतः रस्सा केला, मिरची अगदी नावाला. बसली अन् जेवली. आपल्या तोंडानं, आपल्या हातानं. काटे जिभेनं शोधून काढून ताटाच्या कडेला ठेवले. मी पाहत होतो तर म्हणाली, "काय पाहता? तुमच्या ताटात नाही का?" हिवाळाभर ती जेवली. लाखोळीची भाजी खुडायला धानाच्या बांधीत गेली. बाजारात दोनदा बसली. माझ्याशी भांडली, वजनात मी गिऱ्हाइकाला जास्त देतो म्हणून.

लोक म्हणू लागले, पाल्यानं बरी झाली. मी कितीही सांगितलं तरी तेच. ज्यानं त्यानं आपापला पाला धरला.

पुढच्या होळीनंतर मानेत गाठ आली. डॉक्टरनं पाहिलं अन् या वेळी पारबतालाच सरळ सांगितलं. मी बाहेर त्याला विचारलं, मध्ये खंड पडला म्हणून झालं का? तो म्हणाला, "खंड पडायला नको होता. पण त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पूर्ण करूनही कधी कधी उलटतं." गोदाला मी एवढंच सांगितलं, तुझ्यानं झालं नाही. तिला पटलं की नाही, माहीत नाही.

वैशाख लागला अन् एका दुपारी ती गेली. संध्याकाळी नदीवर नेली.

दुसऱ्या दिवशी

सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. घरात चूल पेटली नव्हती, शेजारून चहा आला होता. एक मोटरसायकल फाटकाशी थांबली. चाळिशीचा माणूस, ओळखीचा नव्हता.

"जय भीम, बाबा. मी धनराज, नदीपलीकडचा. मोहाडीच्या बाजारात बसत होती ते मासोळीवाली मावशी इथंच राहते ना? झाडपाल्यानं बरी झाली म्हणते ते?"

 मंदा आत रडू लागली.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"माह्या बायकोचं तोंडाचंच हाये. नागपूरले शेक सुरू हाये. आज गाडी धरायची होती, तं येत नाही म्हणते. लय आग होते मानेत. म्हणते, मावशीकडून पाला आणा, मी शेक सोडते."

एवढ्या माणसांवर मी ओरडलो होतो. याला ओरडायला माझ्यात काही उरलंच नव्हतं, असं मला वाटलं. पण उरलं होतं. मी उठलो, चप्पल घातली अन् त्याच्या गाडीवर मागं बसलो.

सुरेश धावत आला. "बा, काल माय गेली! सुतकात दुसऱ्याच्या घरी जाता का?"

धनराजनं ते ऐकलं अन् गाडी बंद केली. त्याचा चेहरा पडला.

"सुतक मले हाये, माह्या तोंडाले नाही," मी सुरेशला म्हटलं. "घरात जात नाही, फाटकातून बोलतो. चाल रे, लाव गाडी."

धनराजच्या घराला बांबूचं फाटक होतं. मी बाहेरच उभा राहिलो. त्याची बायको मालन दारात आली, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. माझ्या वयाकडं पाहून तिनं आधी बसायला मोढा पुढं केला, मी नको म्हटलं.

"मावशी कशी हाये, बाबा?"

"काल गेली."

ती उंबऱ्यावर खाली बसली. धनराजनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याच्या घरात निखारा टाकला.

"मंग मी कायले जाऊ?" ती म्हणाली.

"ऐक," मी म्हटलं. मला आवाज आवरता येत नव्हता, शेजारचे बाहेर आले. "तिचं उलटलं. तुह्यं उलटन का नाही, मले माहीत नाही, डॉक्टरलेही माहीत नाही. पण तिनं शेक पुरा केला, अन् मंग हिवाळाभर जेवली. आपल्या तोंडानं. मरळ खाल्ली, काटे काढले, माह्याशी भांडली. तो हिवाळा पाल्यानं नाही भेटला. मुळीनं नाही भेटला. समजलं?"

तिची ओढणी सैल झाली होती. गळ्यावर निळ्या रेघा दिसत होत्या, अजून शाबूत.

"आग लय होते, बाबा," ती हळू म्हणाली.

"होते. खोटं नाही सांगत."

"हळदीनं खरंच आराम पडते का?"

"चुळीनं पडते, घडीभर. कोमट पाणी, मीठ अन् चिमूटभर हळद. सिस्टरले विचारून. फिरवायची अन् थुंकायची. गळ्याले नाही. त्या रेघेवर बोटही लावू नको, कोणाले लावू देऊ नको. सख्खी बहीण रडत आली तरी नाही."

"चिमूट म्हणजे केवढी?"

मी फाटकावरून हात आत घातला अन् दोन बोटं जुळवून दाखवली. उंबऱ्यावरून तिनं तशीच बोटं जुळवली.

"एवढी?"

"एवढीच," मी म्हटलं. "आता चप्पल घाल. गाडी जाईन."